वस्तीतलं व्याख्यान: आधी प्रश्न, मग वक्ता, सगळ्यात शेवटी हॉल

लेआउटमध्ये, म्हणजे आपल्या वसाहतीत, व्याख्यान ठेवायचं ठरलं, की पहिला फोन जातो हॉलवाल्याला. हॉलची तारीख मिळाली की वक्त्याची शोधाशोध. वक्ता मिळाला की बॅनर. आणि बॅनर छापायला टाकायच्या आदल्या रात्री कोणाला तरी आठवतं, अरे, विषय काय टाकायचा? मग 'बदलता समाज आणि आपली जबाबदारी' असं काहीतरी ठरतं, ज्यावर कोणीही कितीही वेळ बोलू शकतो.

मीही असंच केलं होतं. पहिल्या वर्षी दोनशे खुर्च्यांचा हॉल घेतला, एकतीस लोक आले, त्यातले नऊ आम्हीच आयोजक. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा. सत्कार, परिचय, दोन मनोगतं, त्यानंतर सव्वा तास व्याख्यान. प्रश्नोत्तरं 'वेळेअभावी' रद्द. आभार चालू असताना मागच्या रांगेतल्या एक काकू हातातल्या चिठ्ठीची घडी उघडायच्या, पुन्हा घालायच्या. बाहेर चपला घालताना मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "काही नाही भाऊ, नालीचं विचाराचं होतं. पण तुमचा कार्यक्रम चालू होता नं."

'तुमचा कार्यक्रम' हे दोन शब्द डोक्यात बसले. खाली दिलेला क्रम त्यानंतरच्या चुकांमधून बसत गेलेला आहे. तो साठ-सत्तर लोकांच्या, एका लेआउटच्या किंवा दोन-चार गल्ल्यांच्या कार्यक्रमासाठी आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचं मोठं देशपांडे सभागृह भरवायचं असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: पावसाचं पाणी घरात शिरणं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचं अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट ते थेट बर्डीपर्यंत (सीताबर्डी) पाणी घुसलं. तेव्हापासून या विषयावर नागपुरात मत प्रत्येकाकडे आहे, माहिती मात्र थोड्यांकडे. असा विषय या कामाला सगळ्यात चांगला.

टप्पा १: प्रश्न पकडा (सहा आठवडे आधी)

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. 'पर्जन्यजल व्यवस्थापन: आव्हाने आणि संधी' हा विषय झाला. 'जोराचा पाऊस आला की आपल्या तीन गल्ल्यांत पाणी कुठून येतं, आणि जूनच्या आत आपल्याला काय करता येईल?' हा प्रश्न. विषय ऐकून लोक मान डोलावतात, प्रश्न ऐकला की बोलायला लागतात.

प्रश्न घरी बसून सुचत नाही. पाच जण घ्या, प्रत्येकाला दोन गल्ल्या वाटून द्या आणि दारोदार जा. तिथे "तुमच्या समस्या काय?" असं विचारू नका. उत्तर येतं, "सगळ्याच आहेत नं भाऊ," आणि दार बंद होतं. त्याऐवजी विचारा: "गेल्या महिन्याभरात कोणत्या कामासाठी तुम्हाला कोणाला तरी दोनदा फोन करावा लागला?" याचं उत्तर ठोस येतं. गडरचं चेंबर तुंबलं, कचरागाडी आली नाही, नळाला गढूळ पाणी आलं, समोरच्याने गाडी फाटकात लावली. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. आपल्या शुद्ध भाषेत आणलं की त्यातला जीव जातो.

एकाच वेळी सगळीकडे गेलात तर एकाच प्रकारची माणसं भेटतील. सकाळी नळ येतो तेव्हा एकदा जा, दुपारी एकदा, संध्याकाळी सातनंतर एकदा. भाडेकरूंना वगळू नका. तळमजल्यावर बहुतेक तेच राहतात आणि पाणी आधी त्यांच्याच खोलीत शिरतं. घरकामाला येणाऱ्या बायकांना विचारा. त्या रोज सहा घरी जातात, गल्लीत कुठे किती पाणी साचतं हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक असतं.

वहीतून एक प्रश्न निवडताना दोन गोष्टी बघा. त्यावर वस्तीतली दहा माणसं मिळून स्वतः काही करू शकतात का? आणि त्यावर दोन प्रामाणिक मतं आहेत का? ज्यावर सगळ्यांचं आधीच एकमत आहे त्यावर संवाद होत नाही, भजन होतं.

*तपासा:* ठरवलेला प्रश्न नाक्यावरच्या किराणावाल्याला वाचून दाखवा. तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी तो उत्तर द्यायला लागला, तर प्रश्न बरोबर आहे. "छान आहे" म्हणाला तर पुन्हा बसा.

टप्पा २: एका कागदाची माहिती (पाच आठवडे आधी)

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मग कार्यक्रमात निम्मा वेळ 'पाणी तिकडून येतं, नाही इकडून येतं' यातच जातो.

मोजायची टेप घेऊन दोन जणांनी गल्ली फिरायची. रस्त्याची उंची आणि घराचं जोतं यांत किती फरक आहे ते दर चार-पाच घरांमागे लिहायचं. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, पण बऱ्याच ठिकाणी जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच थर चढला, आणि कधीकाळी रस्त्यापेक्षा वर असलेली घरं खाली गेली. हे सगळ्यांना 'माहीत' असतं. पण 'अमुक घराचं फाटक रस्त्यापेक्षा सात इंच खाली' असं लिहून समोर ठेवलं की बोलण्याचा सूरच बदलतो. पावसाळी नालीला जाळ्या किती, त्यातल्या उघड्या किती, नाली शेवटी कुठे उतरते, हेही लिहा.

एक गोष्ट मुद्दाम तपासा: गच्चीचा पाइप कुठे सोडलाय? पुष्कळ घरांत तो सरळ गडर लाइनला जोडलेला असतो. गडर संडास-मोरीच्या पाण्यासाठी असते, पावसाचं पाणी तिच्यात मावत नाही. मग चेंबरचं झाकण उचललं जातं, आणि सखल घराच्या न्हाणीतून घाण पाणी उलटं वर येतं. हिशेब सोपा आहे. १,००० चौरस फूट गच्चीवर १०० मिमी पाऊस पडला, तर साधारण ९,३०० लिटर पाणी जमतं. अशी तीस घरं म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर एकाच गडर लाइनमध्ये ओतल्यासारखं. आमच्याकडे हा आकडा वाचल्यावर दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. तोवर सगळा दोष रस्त्याचा होता.

सरकारी कागद लागणार असतील, म्हणजे नालीचं अंदाजपत्रक, रस्त्याचा कार्यादेश वगैरे, तर माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका. फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस, तेव्हा उशीर केलात तर उत्तर कार्यक्रमानंतर येईल. मनपाचे दहा झोन आहेत. आपण लक्ष्मीनगरमध्ये मोडतो की धरमपेठ झोनमध्ये, हनुमाननगर की नेहरूनगर, हे आधी पक्कं करा. हद्दीवरच्या लेआउटमध्ये पंचवीस वर्षं राहणारी माणसंही इथे चुकतात.

सगळं मिळून ए-फोर कागदाची एक बाजू, मोठ्या अक्षरात. दुसरी बाजू कोरी ठेवा, लोकांना लिहायला.

*सावधान:* या कागदावर कोणाचंही नाव, कोणावरही आरोप नको. 'अमक्याच्या घराचा पाइप' असं लिहिलंत, तर तो माणूस येणारच नाही. 'अकरा घरांचे पाइप' एवढं पुरे.

टप्पा ३: वक्ता (चार आठवडे आधी)

आता वक्ता शोधा. प्रश्न हाताशी असला की शोध सोपा होतो, कारण मोठं नाव नको असतं, या प्रश्नातलं कळणारा माणूस हवा असतो. पाण्याच्या प्रश्नाला सिंचन खात्यातून किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात स्थापत्य शिकवणारं कोणी, किंवा वीस वर्षं नळ-गडरची कामं केलेला अनुभवी मिस्त्री. शेवटचा पर्याय मी गमतीने लिहिलेला नाही. आमच्या चांगल्या झालेल्या कार्यक्रमांपैकी एकात मुख्य वक्ता प्लंबर होता.

फोनवरच अटी सांगा. नंतर सांगणं अवघड जातं.

"सर, वीस मिनिटं तुमची आणि चाळीसेक मिनिटं लोकांची, असं ठेवून राहिलो आम्ही."

"वीस मिनिटांत काय होते हो? विषय मोठा आहे."

"म्हणूनच तीन प्रश्न लिहून पाठवतो सर. तेवढ्याचीच उत्तरं द्या. बाकीचं लोक विचारतीलच. आणि आदल्या रविवारी सकाळी अर्धा तास आमची गल्ली पाहायला याल का? न्यायला येतो."

गल्ली पाहायला येण्याला 'हो' म्हणणारा वक्ता पक्का करा. जो म्हणतो, "त्याची गरज नाही, माझं भाषण तयार आहे," त्याचे आभार मानून दुसरा शोधा. गल्ली पाहिलेला वक्ता "त्या पिंपळाजवळच्या चेंबरपाशी" असं म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेतले लोक मोबाइल खाली ठेवतात. हे दर वेळी पाहिलंय.

वक्त्यासोबत वस्तीतलंच एक माणूस पाच मिनिटं बोलायला घ्या, शक्यतो सगळ्यात जुनं. लेआउट पडायच्या आधी इथे शेत होतं तेव्हा नाला कुठून वाहायचा, हे त्यांना आठवतं. पाणी कागद वाचत नाही, ते अजूनही तिकडूनच जायला बघतं.

अधिकारी आणि पुढारी यांचं काय? झोनच्या अभियंत्याला जरूर बोलवा, पण प्रमुख पाहुणा म्हणून नाही. आठ दिवस आधी प्रश्न लेखी द्या आणि स्पष्ट सांगा, की जाब विचारायला बोलवत नाही, कोणतं काम कोणाच्या अखत्यारीत येतं एवढं सांगा. अचानक साठ लोकांसमोर उभं केलं, तर माणूस बचावाचंच बोलेल आणि पुढच्या वेळी फोन उचलणार नाही. पुढारी आले तर स्वागत, खुर्ची मात्र सगळ्यांसारखी आणि सगळ्यांमध्ये. निवडणूक जाहीर झालेली असेल तर कार्यक्रमच पुढे ढकला. तुम्ही कितीही तटस्थ असा, लोक तसं धरत नाहीत.

टप्पा ४: तारीख, जागा, परवानगी

नागपुरात तारीख हवामान ठरवतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि हॉलमध्ये मोठे कूलर लावल्याशिवाय बसवत नाही. कूलर लावले की त्यांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. व्याख्यान माईकवर निभावतं, आपसातला संवाद मरतो. पावसाळ्याच्या प्रश्नासाठी जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम: थंडी बोचत नाही, दहावी-बारावीच्या परीक्षा लागायच्या असतात, आणि जूनपर्यंत हातात चार-पाच महिने राहतात.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. मोर्च्यांमुळे बर्डी-सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले, अधिकारी त्यात अडकलेले. तेव्हा 'येतो' म्हणालेला अभियंता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. विजयादशमीच्या आसपास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते, वस्तीतले पुष्कळ जण तिथे सेवेत असतात. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत कोणी व्याख्यान ठेवणार नाही असं वाटतं, पण ठेवलेलं पाहिलंय. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असेल तर वर्धा रोडपलीकडच्या वक्त्याला दुपारीच निघायला सांगा.

जागा चालत जाता येईल अशी हवी. समाजभवन, शाळेचा हॉल, बुद्धविहार, मंदिराचं सभागृह, सगळं चालतं. फक्त एका बाबतीत मन खंबीर ठेवा. ज्या जागेत वस्तीतल्या एकाही समूहाला पाऊल टाकायला अवघड वाटतं, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. शंका असेल तर शाळा घ्या. लग्नाचे लॉन मोठे पडतात, आणि लग्नसराईत मिळतही नाहीत.

उघड्यावर किंवा बगीच्यात करणार असाल तर जागा ज्याची त्याचं लेखी परवानगीपत्र घ्या, मग ती मनपाची असो की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास). ध्वनिक्षेपकासाठी ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटर परिसरात त्याहून कडक. साठ लोकांना लहान पेटीचा माईक पुरतो. साउंड सर्व्हिसवाला मोठे बॉक्स फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा.

टप्पा ५: बोलावणं

व्हॉट्सॲपवर टाकलेली पत्रिका म्हणजे बोलावणं नव्हे. अंगठे येतात, माणसं येत नाहीत. ज्या पाच जणांनी पहिल्या टप्प्यात दारं वाजवली, त्यांनीच त्याच दारांत परत जायचं आणि म्हणायचं, "काकू, तुम्ही त्या दिवशी न्हाणीतून पाणी उलटं येतं म्हणाल्या होत्या नं, त्याच्यावरच ठेवलंय. तुम्ही यायलाच पाहिजे." या एका वाक्यात तुमची निम्मी उपस्थिती आहे.

पत्रिकेत 'बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी' हे काढून टाका. शोभेला माणूस कशाला येईल? आमची पत्रिका अशी असते:

'पाऊस आला की आपल्या गल्लीत पाणी कुठून येतं? शनिवारी संध्याकाळी ६:३० ते ८. वीस मिनिटं एक अभियंता सांगतील, मग आपण बोलू. सत्कार नाहीत. लहान मुलं आणा, शेजारच्या खोलीत त्यांची सोय आहे. ८ वाजता पोहे.'

मुलांच्या खोलीची ओळ साधी दिसते, पण तिच्यामुळेच तरुण आया येतात. खोलीत दोन कॉलेजची मुलं आणि चित्रकलेचे कागद, एवढं पुरतं. आणि 'येतो नं भाऊ' असं म्हणणाऱ्यांतले निम्मेच धरा. खुर्च्या त्या हिशेबाने सांगा.

*तपासा:* तीन दिवस आधी यादी बघा. त्यात भाडेकरू किती, बायका किती, तिशीच्या आतले किती? एखादा रकाना रिकामा असेल तर उरलेले तीन दिवस फक्त त्याच दारांत जा.

टप्पा ६: मांडणी

बिछायत केंद्रातून मंच मागवू नका. मंच आला की त्यावर कोण बसणार हा वाद आपोआप येतो. वक्त्यासाठी एक साधी खुर्ची, एक टेबल, खाली जमिनीवरच. खुर्च्या अर्धगोलात, मध्ये वाट सोडून. हलक्या प्लास्टिकच्या घ्या, कारण पुढे त्या फिरवायच्या आहेत. पुढे दोन सतरंज्या.

दाराशी तीन गोष्टी हव्यात.

पहिली, गल्लीचा हाताने काढलेला मोठा नकाशा आणि टिकल्यांची दोन पाकिटं. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याने आपल्या घरावर लाल टिकली लावायची. फक्त रस्त्यावर साचतं त्याने हिरवी. साडेसहा व्हायच्या आधीच नकाशापाशी घोळका होतो आणि अनोळखी शेजारी आपसांत बोलायला लागतात. वेळेवर येणाऱ्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

दुसरी, गटाच्या नंबरच्या चिठ्ठ्या. येणाऱ्याला क्रमाने १, २, ३ असं करत ८ पर्यंत नंबर द्यायचे, मग पुन्हा १ पासून. नवरा-बायको, जोडीने येणारे मित्र, एका पक्षाचे चार कार्यकर्ते, सगळे आपसूक वेगवेगळ्या गटांत जातात. हे हाताने करायला गेलात तर भांडण होतं.

तिसरी, कोऱ्या चिठ्ठ्या आणि डबा. माईकवर न बोलणाऱ्यांसाठी. ही त्या नालीवाल्या काकूंची देणगी समजा.

टप्पा ७: दीड तास

घड्याळ समोर ठेवून चालवायचं ते इथे.

६:३० ला सुरुवात, खोलीत बारा माणसं असली तरी. एकदा वाट पाहिलीत की पुढच्या वेळी सगळे सातला येतात. पाच मिनिटांत प्रश्न वाचा, कागद वाटा, वक्त्याचा परिचय दोन वाक्यांत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ यांतलं काही नाही. घरातले ज्येष्ठ नाराज होतील, त्यांना आधीच जाऊन सांगून ठेवा. वक्त्यालाही आधी सांगा. चांगले वक्ते सुटका झाल्यासारखं हसतात.

६:३५ ला वस्तीतले जुने काका, पाच मिनिटं. ६:४० ते ७ वक्ता. समोर बसून पाच मिनिटं उरल्याचा कागद दाखवायला एक माणूस नेमा. ७ ते ७:०५ फक्त न समजलेल्या गोष्टी विचारायच्या, मतं नाहीत.

मग जिथे कार्यक्रम मोडतो तो भाग: खुर्च्या फिरवून आठ-आठ जणांचे गोल. आयोजक इथेच घाबरतात आणि सरळ प्रश्नोत्तरांवर जातात. हिशेब करा. अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांत, प्रश्न-उत्तर मिळून तीन मिनिटं धरली, तर चौसष्टांपैकी दहा माणसं बोलतात, आणि ती दहा कोण असतील हे तुम्ही आत्ताच सांगू शकता. गोलात पहिल्या आठ मिनिटांत आठही जण बोलून होतात.

गोलाचा नियम एकच: पहिली फेरी प्रत्येकी एक मिनिट, मध्ये कोणी बोलायचं नाही. नंतर मोकळी चर्चा. ७:०५ ते ७:३५ असा अर्धा तास, त्यात खुर्च्या हलवायची पाच मिनिटं धरलेली. प्रत्येक गोलात एक जण लिहिणारा. सगळ्यात जास्त बोलणाऱ्यालाच लिहायला द्यावं, असं कोणी सुचवेल. करू नका. तो स्वतःचंच लिहितो. लिहिण्याचे रकाने तीन: आपल्या भागात नेमकं काय होतं, आपण स्वतः काय करू शकतो, कोणाकडे काय मागायचं.

*सावधान:* खुर्च्या फिरताना दोन-चार जण 'आलोच' म्हणत बाहेर खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटायला निघतात आणि तिथेच स्वतंत्र सभा भरते. दाराशी एक हसतमुख माणूस उभा ठेवा, नंबर विचारून गोलात नेणारा. पोहे ८ च्या आधी काढू नका, वास आला तरी.

गोल चालू असताना सूत्रसंचालकाने फिरत राहायचं, बसायचं नाही. वाक्यं तयार ठेवा. भाषणावर उतरलेल्या काकाजींना, "काकाजी, तुमचा मुद्दा मी असा लिहिला, 'आधी नाली साफ, मग नवी मागणी'. बरोबर? आता ताईंचं ऐकू." आपलं म्हणणं एका वाक्यात परत ऐकू आलं की माणूस थांबतो, 'थोडक्यात बोला' म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. स्वतःच्या घराचीच केस घेऊन बसलेल्याला, "हे लेखी द्या, सोमवारी आपण दोघं झोनला जाऊ," आणि खरंच जा. जात, धर्म, पक्ष यांच्यावर गाडी गेली तर वाद घालू नका, नकाशाकडे बोट दाखवा आणि विचारा, "यातल्या कोणत्या टिकलीबद्दल बोलून राहिलो आपण?" कोणी हिंदीत बोललं तर हिंदीतच उत्तर द्या. या शहरात निम्मं बोलणं तसंही सरमिसळच चालतं.

७:३५ ला प्रत्येक गोलाने फक्त एक मुद्दा सांगायचा, आधी आलेला सोडून. माईक मात्र कार्यकर्त्याच्याच हातात राहील, बोलणाऱ्याच्या हाती द्यायचा नाही. हा नियम मोडलात तर दहा मिनिटांची पंचवीस होतात. सुरुवात ज्या गोलात बाई किंवा कॉलेजचं पोर बोलणार आहे तिथून करा. मग पुढच्या गोलांतूनही तशीच माणसं उठतात. त्यानंतर आठ मिनिटं वक्त्याची, डब्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्यांसकट.

शेवटची सात मिनिटं ठरवण्याची. तीनच गोष्टी निवडा, आणि प्रत्येकीपुढे माणसाचं नाव आणि तारीख फळ्यावर लिहा. 'सर्वांनी मिळून प्रयत्न करायचा' असं लिहिलंत तर कोणीच करत नाही. आमच्या फळ्यावर होतं: अकरा पाइप गडरमधून काढून पावसाळी नालीकडे वळवायचे, जाळ्या मेअखेर साफ, खालच्या टोकाच्या नालीसाठी झोनला अर्ज. पुढच्या बैठकीची तारीखही तिथेच लिहा. उद्या फोनवर ठरवू म्हटलं, की ती ठरत नाही.

आभार दोन वाक्यं. मग पोहे, तर्री वेगळी ठेवून. खरं बोलणं पुष्कळदा पोह्यांवर होतं, तेव्हा वही घेऊन तिथेही फिरा.

टप्पा ८: पुढचे पंधरा दिवस

दोन दिवसांत एक पान: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. फोटो त्याच्या खाली, आणि फोटोत वक्ता एकटा नको. खर्चाचा हिशेब त्याच पानावर टाका: हॉल, बिछायत, माईक, पोहे. वर्गणी कोणाची किती तेही. ज्याने मोठी रक्कम देतो पण बॅनरवर फोटो टाका म्हटलं, त्याची रक्कम घेऊ नका. शंभर-शंभर रुपयांत असा कार्यक्रम निघतो.

झोनचा अर्ज तीस-चाळीस सह्यांनी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक मिळाला तरच अर्ज दिला असं समजा. आम्ही एकदा अर्ज 'साहेबांच्या टेबलावर' ठेवून आलो होतो. महिन्याने गेलो तर असा अर्ज आलाच नव्हता. महिनाभर उत्तर आलं नाही, तर त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात विचारा, अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत तेही नाही आलं, तर पहिलं अपील. हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात घालू नका, दुसऱ्याला सोबत न्या. दोन महिन्यांनी पहिला कंटाळतो.

ज्यांनी स्वतःचा पाइप वळवला त्यांच्या घरावरची टिकली काढून तिथे पिवळी लावा, आणि तोच नकाशा पुढच्या बैठकीला दाराशी टांगा. पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं मागच्या फळ्याची. झालं नसेल तर 'झालं नाही' असंच वाचायचं, कारणांसकट, ज्याचं नाव होतं त्याला न ओरडता.

दुसऱ्या वेळी लोक कमी येतील. पोहे तितकेच सांगा, खुर्च्या मात्र चाळीसच मांडा आणि बाकीच्या भिंतीला थप्पी लावून ठेवा. लागल्या तर काढता येतात.